मानसिक आणीबाणीतील मदत आणि सार्वजनिक निधीचा प्रश्न

शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारातही तातडीचे प्रसंग येतात. जीव नकोसा होऊन माणूस स्वतःला इजा करण्याच्या बेतात येणे, नसलेले आवाज ऐकू येऊन भयाने सैरभैर होणे, उन्मादाच्या भरात दिवसचे दिवस झोपेवाचून काढणे, किंवा व्यसन अचानक तुटल्यामुळे भान हरपणे, अशा ज्या अवस्थांत काही तासांत योग्य मदत मिळाली नाही तर रुग्णाच्या किंवा क्वचित इतरांच्या जिवाला धोका निर्माण होतो, त्यांना मानसिक आणीबाणी म्हणतात. छातीत कळ आली की रुग्णवाहिका बोलवावी आणि आग लागली की बंब बोलवावा, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मानसिक आणीबाणीत मात्र कोणाला बोलवावे, याचे उत्तर अनेक देशांत आजवर ‘पोलिसांना’ असेच राहिले आहे. अशा हाकेला पोलिसांऐवजी आरोग्यसेवकांनी धावून जावे, हा विचार गेल्या काही दशकांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुढे आला आणि त्याचे यशस्वी प्रयोगही झाले. त्या प्रयोगांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, धावून कोणी जावे या प्रश्नाचे उत्तर तुलनेने लवकर सापडले. त्या सेवेचा खर्च वर्षानुवर्षे कोणी आणि कोणत्या हिशेबाने सोसावा, या दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र उत्तम चाललेली कामेही अडली.

अमेरिकेत हे काम पोलिसांकडे कोणी विचारपूर्वक सोपवले नव्हते. इतर सेवा मागे हटत गेल्या, तसतसे ते त्यांच्या अंगावर पडले. १९५५ मध्ये तेथील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख रुग्ण होते. त्यानंतर नवी औषधे आली, मनोरुग्णालयांतील हालअपेष्टांवर टीका होऊ लागली आणि रुग्णांना भिंतींआड ठेवण्यापेक्षा त्यांच्या वस्तीतच उपचार द्यावेत, हे मत रुजले. ऑक्टोबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली आणि देशभर सुमारे १५०० केंद्रे उभारण्याचा संकल्प मांडला गेला. प्रत्यक्षात त्यांपैकी निम्मीच उभी राहिली. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत या केंद्रांसाठीचा संघराज्याचा निधी घटवून तो राज्यांना एकत्रित ठोक अनुदान म्हणून देण्यात आला, म्हणजे रक्कम कमी झाली आणि ती कोठे वापरायची हे राज्यांच्या मर्जीवर राहिले. अशा रीतीने रुग्णालयांची दारे बंद झाली, पण वस्तीतली दारे पुरेशी उघडलीच नाहीत. याच काळात, फेब्रुवारी १९६८ मध्ये, अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या गावात ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर पहिला फोन लागला आणि पुढे तो क्रमांक देशभर पसरला. दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि घरापर्यंत येणारी सेवा या क्रमांकामागे उभी होती; मनाच्या आजारासाठी फोन आला की त्या सेवेतून निघणारी गाडी बहुधा पोलिसांची असे.

पोलिसाचे प्रशिक्षण गुन्हा आणि धोका ओळखण्याचे असते. मोठ्या आवाजात हुकूम देणे, हुकूम मानला नाही तर बळ वापरणे आणि प्रसंग शक्य तितक्या लवकर काबूत आणणे, ही त्या प्रशिक्षणाची रीत आहे. भ्रमात सापडलेल्या माणसाला तो हुकूम नीट उमगतही नाही. भोंग्याचा आवाज, फिरते दिवे आणि शस्त्राचे दर्शन यांनी त्याची भीती वाढते आणि भीतीपोटी केलेली त्याची हालचाल हल्ला समजली जाते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीने मरण पावलेल्यांची जी नोंद ठेवली, तीत वर्षाला सुमारे हजार मृत्यू आढळतात आणि त्यांपैकी साधारण प्रत्येक पाचव्या व्यक्तीला मानसिक आजार असल्याचे दिसते. ज्यांचा जीव वाचतो त्यांच्यापैकी अनेक जण तुरुंगात किंवा रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात पोहोचतात. या सगळ्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतच असतो. पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि रुग्णालय यांच्या वेगवेगळ्या खात्यांत तो विखुरलेला असल्याने मानसिक आरोग्यावरील खर्च म्हणून तो कोणाच्या नजरेस येत नाही.

या स्थितीत सुधारणा करण्याचा पहिला मार्ग पोलिसांनाच शिकवण्याचा होता. टेनेसी राज्यातील मेंफिस शहरात १९८७ मध्ये मानसिक आजार असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मरण पावल्यानंतर, १९८८ मध्ये तेथे निवडक पोलिसांना ४० तासांचे विशेष प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे हजारो ठिकाणी स्वीकारली गेली. या प्रशिक्षणाने पोलिसांची दृष्टी बदलण्यास मदत झाली हे मान्य करावे लागते. पण दाराशी येणारा माणूस गणवेशातला आणि शस्त्रधारीच राहिला.

दुसरा मार्ग अधिक मूलगामी होता. ओरेगन राज्यातील यूजीन शहरात १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘व्हाइट बर्ड क्लिनिक’ या विनामूल्य दवाखान्याने १९८९ मध्ये शहराशी करार करून ‘कहूट्स’ नावाचे फिरते पथक सुरू केले. गाडीत दोन जण असत: एक परिचारिका किंवा प्रथमोपचारात प्रशिक्षित सेवक, आणि दुसरा मानसिक संकट हाताळण्याचा अनुभव असलेला कार्यकर्ता. आणीबाणीच्या नियंत्रण कक्षात फोन आला की तो घेणारा कर्मचारी प्रसंगाचे स्वरूप पाहून पोलिसांऐवजी या पथकाला पाठवी. पथकाकडे शस्त्रे नसत, अटक करण्याचा अधिकारही नसे. माणसाच्या पातळीला बसून हळू आवाजात बोलणे, त्याला पाणी किंवा पांघरूण देणे, जखम पाहणे, त्याच्या इच्छेने त्याला निवाऱ्यात किंवा दवाखान्यात नेणे, एवढीच त्यांची साधने होती. प्रसंग न चिघळवता तो ओसरू देण्याच्या या कौशल्याला तणाव निवळवणे म्हणतात, आणि त्याचे पहिले भांडवल वेळ हे असते. २०१९ मध्ये या पथकाने सुमारे २४ हजार हाकांना प्रतिसाद दिला आणि त्यांत पोलिसांची कुमक मागवण्याची वेळ दोन टक्क्यांहूनही कमी प्रसंगी आली. त्या सुमारास पथकाचा वार्षिक खर्च सुमारे २१ लाख डॉलर होता, तर यूजीन आणि शेजारचे स्प्रिंगफील्ड या दोन शहरांच्या पोलीस दलांचे एकत्रित अंदाजपत्रक सुमारे ९ कोटी डॉलरचे होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. पथकाचे समर्थक ते शहरातील १७ टक्के हाका सांभाळते असे सांगत. पोलीस खात्याच्या विश्लेषणात मात्र असे म्हटले होते की, यांतील बऱ्याच हाकांना पोलीस एरवीही गेले नसते आणि पोलिसांचे खऱ्या अर्थाने वाचलेले काम ५ ते ८ टक्केच होते. हा मतभेद महत्त्वाचा आहे, कारण अशा सेवेचे मोल केवळ पोलिसांच्या वाचलेल्या वेळात मोजले तर ते कमी भरते. ज्या हाकेला पूर्वी कोणीच जात नव्हते, तिथे कोणीतरी जाऊ लागले, हीही सेवाच होती.

२०२० मध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यानंतर पोलीस व्यवस्थेविषयी देशभर चर्चा सुरू झाली आणि यूजीनकडे अनेक शहरांचे लक्ष गेले. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराने त्याच वर्षी जूनमध्ये ‘स्टार’ हे पथक सुरू केले. प्रारंभी त्यात एकच गाडी होती, ती शहराच्या मध्यभागातील मोजक्या विभागांत आणि आठवड्याचे पाच दिवस दिवसाच फिरे. पहिल्या सहा महिन्यांत तिने ७४८ हाकांना प्रतिसाद दिला आणि त्यांपैकी एकाही प्रसंगी अटक झाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पथक फिरत असलेल्या विभागांत सार्वजनिक जागी उपद्रव, अनधिकृत प्रवेश यांसारख्या किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या आणि एका गुन्ह्यामागे होणारा खर्च फौजदारी मार्गाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांश आला. पुढे पोर्टलंड, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, अल्बुकर्क आणि डरॅम या शहरांनीही आपापल्या पद्धतीची पथके उभी केली.

तथापि केवळ गाडी पुरेशी नसते. अमेरिकी संघराज्याच्या मानसिक आरोग्य विभागाने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत संकट-सेवेचे तीन घटक सांगितले आहेत: बोलायला कोणीतरी, धावून यायला कोणीतरी आणि जायला एखादी जागा. पहिला घटक म्हणजे दूरध्वनीवरील समुपदेशन, दुसरा फिरते पथक आणि तिसरा संकट-स्थिरीकरण केंद्र, म्हणजे जिथे माणसाला काही तास किंवा काही दिवस सुरक्षितपणे ठेवून सावरू दिले जाते अशी जागा. ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे २०११ मध्ये असे केंद्र सुरू झाले, आणि त्याच्या इमारतीसाठी पिमा काउंटीच्या नागरिकांनी २००६ मध्ये मतदानाने सार्वजनिक कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. पोलीस किंवा पथक ज्याला घेऊन येईल त्याला तेथे नाकारले जात नाही आणि त्याला सोपवण्याचे काम मिनिटांत आटोपते. त्यामुळे तुरुंगात नेण्यापेक्षा केंद्रात नेणेच पोलिसांनाही सोयीचे ठरते.

येथून खर्चाच्या मूळ प्रश्नाकडे येता येते. दिवसाचे चोवीस तास आणि आठवड्याचे सात दिवस मिळून १६८ तास होतात, तर एक कर्मचारी आठवड्याला ४० तास काम करतो. म्हणजे गाडीतील एक आसन सतत भरलेले ठेवण्यासाठी चारांहून अधिक माणसे लागतात आणि दोन आसनांसाठी, रजा व आजारपण धरता, किमान नऊ-दहा माणसांचे पगार द्यावे लागतात. त्या दिवशी वीस हाका आल्या काय आणि दोनच आल्या काय, हा खर्च बदलत नाही. याला सज्जतेचा खर्च म्हणता येईल. अग्निशमन दलाचा खर्च नेमका असाच असतो, आणि विझवलेल्या आगींच्या संख्येवर बंबवाल्यांचा पगार ठरवावा असे कोणी सुचवत नाही, कारण ज्या दिवशी आग लागली नाही त्या दिवशीही दल सज्ज असणे हीच त्याची सेवा असते.

आरोग्यसेवेचा पैसा मात्र वेगळ्या रीतीने वाहतो. अमेरिकेत गरिबांसाठी १९६५ पासून ‘मेडिकेड’ ही सार्वजनिक विमा योजना आहे. तिचा खर्च संघराज्य आणि राज्ये वाटून घेतात, आणि प्रचलित पद्धतीत ठरावीक रुग्णाला दिलेल्या ठरावीक सेवेचे बिल झाले तरच पैसे मिळतात. फिरत्या पथकाला ही पद्धत अडचणीची ठरते. रस्त्यात रडत बसलेल्या माणसाकडे विम्याचे कार्ड मागता येत नाही, अनेकदा तो आपले नावही सांगत नाही. वाट पाहण्यात गेलेल्या तासांचे बिल होत नाही, आणि समजूत घालण्यात गेलेले दोन तास व दहा मिनिटांची भेट यांना बहुधा सारखेच मोल मिळते. खासगी विमा कंपन्या तर अशा पथकाचा खर्च बहुतांशी देतच नाहीत. परिणामी जे काम सर्व नागरिकांसाठी आहे, त्याचा भार काहींच्याच विम्यावर किंवा देणग्यांवर पडतो.

ही अडचण ओळखून गेल्या काही वर्षांत निधीचे नवे मार्ग काढण्यात आले. पहिला मार्ग दूरध्वनीवरील शुल्काचा. ऑक्टोबर २०२० च्या कायद्याने आत्महत्या-प्रतिबंध आणि मानसिक संकटासाठी ९८८ हा तीन अंकी क्रमांक ठरवण्यात आला आणि जुलै २०२२ मध्ये तो देशभर सुरू झाला. याच कायद्याने राज्यांना प्रत्येक दूरध्वनी जोडणीमागे दरमहा लहानसे शुल्क बसवण्याची मुभा दिली. ९११ चा खर्चही अशाच शुल्कातून भागतो. परंतु काही राज्यांनी ते पैसे इतर कामांकडे वळवल्याचा अनुभव असल्याने, ९८८ चे शुल्क संकट-सेवेवरच खर्च झाले पाहिजे, असे बंधन कायद्यात घालण्यात आले. व्हर्जिनियाने दरमहा १२ सेंट आणि वॉशिंग्टन राज्याने आधी २४ व २०२३ पासून ४० सेंट शुल्क लावले. एका कुटुंबाला हा भार जाणवतही नाही आणि तरी त्यातून दरवर्षी खात्रीने येणारी रक्कम उभी राहते. असे असूनही थोड्याच राज्यांनी हा मार्ग धरला.

दुसरा मार्ग संघराज्याच्या वाढीव वाट्याचा. मार्च २०२१ च्या करोनाकाळातील साहाय्य कायद्यात अशी तरतूद झाली की, जी राज्ये मेडिकेडमधून चोवीस तास चालणारी आणि किमान एक मानसिक आरोग्य तज्ज्ञ असलेली फिरती पथके चालवतील, त्यांच्या या खर्चाचा ८५ टक्के वाटा संघराज्य तीन वर्षे, म्हणजे बारा तिमाही, उचलेल. एरवी हा वाटा किमान ५० टक्के असतो. यूजीनच्या पथकावरून प्रेरणा घेऊन ओरेगनचे सिनेटर रॉन वायडन यांनी ही कल्पना पुढे आणली होती. मात्र या सवलतीची एकूण खिडकी एप्रिल २०२२ पासून पाच वर्षांचीच ठेवली गेली. तिसरा मार्ग स्थानिक कराचा: डेन्व्हरच्या मतदारांनी २०१८ मध्ये १०० डॉलरच्या खरेदीवर २५ सेंट इतका जादा विक्रीकर मानसिक आरोग्यासाठी स्वतःहून मान्य केला, आणि ‘स्टार’चा आरंभीचा खर्च याच पैशातून झाला. चौथा मार्ग प्रमाणित सामुदायिक दवाखान्यांचा: २०१४ च्या कायद्यानुसार २०१७ पासून आठ राज्यांत सुरू झालेल्या या योजनेत दवाखान्याचा वर्षाचा अपेक्षित खर्च आधी मोजून त्यावरून दर ठरवला जातो, त्यामुळे संकट-पथकाच्या सज्जतेचा खर्चही त्या दरात धरता येतो.

या चार मार्गांची तुलना करता एक निकष हाती येतो. मुदतीचे अनुदान सेवा सुरू करून देते, पण ती टिकवत नाही. कराचा किंवा शुल्काचा नेमलेला स्रोत ती टिकवतो. आणि खर्चावर आधारलेला दर ती नीट चालवू देतो. यांपैकी केवळ मुदतीच्या अनुदानावर विसंबलेली सेवा मुदत संपताच डळमळते. संघराज्याचे धोरण बदलले की काय होते, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. त्या महिन्यात समलैंगिक आणि पारलिंगी तरुणांसाठी असलेला ९८८ चा स्वतंत्र पर्याय बंद करण्यात आला, आणि मेडिकेडवरील संघराज्याच्या पुढील दहा वर्षांच्या खर्चात मोठी कपात करणारा कायदाही त्याच महिन्यात झाला.

यूजीनच्या कहाणीचा शेवट या संदर्भात वाचावा लागतो. ज्या पथकाकडे पाहून इतर शहरांनी पथके उभी केली आणि ज्याच्यावरून संघराज्याच्या कायद्यातील तरतूद स्फुरली, ते पथक आर्थिक ओढाताणीमुळे एप्रिल २०२५ मध्ये यूजीन शहरात बंद पडले. साडेतीन दशकांहून अधिक काळ काम करून लोकांचा विश्वास मिळवलेली सेवा निधीअभावी थांबू शकते, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. पथकाच्या पद्धतीतील उणिवांपेक्षा त्याच्या उत्पन्नाची अस्थिर बैठक या शेवटाला अधिक कारणीभूत ठरली. करार, अनुदान आणि देणग्या यांच्यावर उभ्या असलेल्या सेवाभावी संस्थेवर शहराने आपल्या एका मूलभूत सेवेचा भार टाकला होता. पोलीस दल किंवा अग्निशमन दल अशा रीतीने चालवावे, असे कोणत्याही शहराच्या मनात येणार नाही.

या पद्धतीवरील आक्षेपही लक्षात घेतले पाहिजेत. शस्त्र असलेल्या किंवा हिंसक झालेल्या व्यक्तीसमोर निःशस्त्र सेवकांना पाठवता येत नाही, म्हणून नियंत्रण कक्षात हाकेची छाननी करणारा कर्मचारी प्रशिक्षित असणे अनिवार्य ठरते. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात दोन हाकांमधले अंतर शेकडो किलोमीटरचे असू शकते आणि तेथे प्रत्येक हाकेमागचा खर्च वाढतो. शिवाय पथकाने आणलेल्या माणसाला पुढे घर, औषध आणि नियमित उपचार मिळाले नाहीत, तर तोच माणूस पुन्हा पुन्हा त्याच गाडीत बसतो. या आक्षेपांनी सेवेची गरज कमी होत नाही. उलट तिच्या निधीचा हिशेब केवळ गाडीपुरता करून भागणार नाही, हे त्यांतून स्पष्ट होते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने सरकारी खर्चाने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. याच कायद्याच्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना आढळली तर तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे, आणि अशा व्यक्तीला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास मनाई आहे. कायद्याची भाषा संरक्षणाची असली तरी पहिले पाऊल पोलिसांचेच आहे, कारण त्या वेळी धावून जाणारे दुसरे कोणी उपलब्ध नाही. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरील कुटुंबाला रात्री अशा प्रसंगी शेजारी आणि पोलीस पाटील यांच्यापलीकडे कोणाचा आधार असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तरीही पायाभरणी झालेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठीसह अनेक भारतीय भाषांत चोवीस तास चालतो, आणि त्यावर आतापर्यंत २० लाखांहून अधिक फोन आले आहेत. म्हणजे बोलायला कोणीतरी मिळण्याची सोय झाली आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी हेही दाखवून दिले आहे की, गाडी उभी असतानाही तिच्यातील डॉक्टर आणि चालक यांचा खर्च शासनाने उचलणे व्यवहार्य आहे. या दोन सेवांमध्ये जोडणारा दुवा नाही: १४४१६ वर आलेल्या हाकेला प्रत्यक्ष धावून जाणारे प्रशिक्षित पथक, आणि त्या पथकाने माणसाला घेऊन जावे अशी जिल्हा रुग्णालयातील शांत, सुरक्षित खोली. हा दुवा जोडायचा ठरल्यास अमेरिकेचा अनुभव मार्गदर्शक ठरेल: सेवेची सुरुवात मुदतीच्या प्रकल्पाने खुशाल करावी, पण पहिल्याच वर्षी तिच्यासाठी राज्याच्या अंदाजपत्रकात नियमित शीर्ष उघडावे, तिचा पैसा हाकांच्या संख्येवर न देता सज्जतेवर द्यावा आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी तजवीज करावी.

मनाच्या आजारात माणूस आपली मागणी रेटू शकत नाही. ज्या घटकेला त्याला मदतीची सर्वाधिक गरज असते, त्याच घटकेला तो ती मागण्यास सर्वाधिक असमर्थ असतो. म्हणून ही मागणी इतरांनी, शांतपणे आणि आगाऊ, अंदाजपत्रकाच्या चर्चेत मांडली पाहिजे. बंब आणि रुग्णवाहिका यांचा खर्च समाजाने आपले कर्तव्य म्हणून पत्करला आहे. मानसिक आणीबाणीत धावून येणाऱ्या पथकाचा खर्चही त्याच यादीत कायमचा नोंदवला जाईपर्यंत, रात्री दोन वाजता केलेल्या फोनचे उत्तर पोलिसांची गाडी हेच राहील.